शेगाव तालुक्यातील केसगळती (2024–25)

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांमध्ये सुरू झालेली सामूहिक केसगळती. आधी डोके खाजे, मग केस हातात येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. 18 गावांत 279 रुग्णांची नोंद झाली. वृत्तवाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ हे नाव दिले, तेव्हा विषाणूचा कोणताही पुरावा हाती नव्हता.

पहिला संशय पाण्यावर आला, आणि तो स्वाभाविकच होता. हा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. इथल्या विहिरी-बोअरचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारे आहे. पण वर्षानुवर्षे प्यायलेल्या पाण्याने केस एकाच हिवाळ्यात का जावेत, हे त्यातून उलगडत नाही. बुरशीच्या संसर्गात खाज सुटते, म्हणून तोही तर्क पुढे आला. मात्र बुरशीने सहसा चट्टे पडतात, निरनिराळ्या वयाच्या माणसांचे डोके काही दिवसांत साफ होत नाही.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये बोट ठेवले ते रेशनच्या गव्हातील सेलेनियमवर. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत हे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर आढळले. न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52, तर धुतलेल्यात 13.61 मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा फरक किरकोळ असणे फार बोलके आहे: सेलेनियम वरून लागलेल्या धुळीत नसून दाण्यातच मुरलेले असावे. अशा गव्हाच्या 200 ग्रॅम पिठातून सुमारे 2.9 मिलिग्रॅम सेलेनियम पोटात जाते. प्रौढांसाठी दिवसाची सुरक्षित कमाल मर्यादा 0.4 मिलिग्रॅम मानली जाते. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात 1961 ते 1964 दरम्यान सेलेनियमच्या विषबाधेने लोकांचे केस आणि नखे गळाली होती. शेगावकडेही 2025 च्या एप्रिलमध्ये नखे विद्रूप होऊन गळाल्याच्या तक्रारी आल्या. पाणी आणि बुरशी हे दोन्ही तर्क इथे लंगडे पडतात.

गव्हाच्या उगमाची बाजू तुलनेने कच्ची आहे. बावस्करांनी तो पंजाबकडचा असल्याचे सांगितले. तिथल्या नवाशहर व होशियारपूर भागांतील काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, हे आधीपासून ठाऊक आहे. पण एखादे पोते नेमके कोणत्या शेतातले, हे सरकारी गोदामातील मिसळीनंतर ओळखणे अवघड असते.