रॅरिटनच्या काठी नागपंचमी

29 जुलै 2025, मंगळवार. न्यू जर्सीच्या पिस्कॅटवेतल्या एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात तुम्ही उभे आहात. पाटावर गंधाने नागाचं कुटुंब काढलंय. समोर लाह्या, दुर्वा आणि वाटीभर दूध. लाह्या शेजारच्या एडिसनमधून, ओक ट्री रोडवरून आणल्या. आघाडा काही मिळाला नाही. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, म्हणून सुरी सकाळपासून ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि कुकरमध्ये पुरणाची दिंडं उकडताहेत. शेजारच्या चिनी कुटुंबाचं तर अख्खं वर्षच सापाचं आहे. ते जानेवारीत सुरू झालं, तेव्हा अंगणात बर्फ होता.

मागच्या अंगणातून पोरगं ओरडतं, "आई, स्नेक!"

तुम्ही धावता. गुलाबाच्या वाफ्यात, लाकडाच्या भुश्यावर, हातभर लांबीचा साप. काळपट अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तीन पिवळसर पट्टे. जीभ आतबाहेर होतेय. हा गार्टर साप, न्यू जर्सीत घरोघरी दिसणारा, माणसाला निरुपद्रवी. गांडुळं आणि बेडूक खातो. अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो, आणि तोही नेमका आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. भारतातून आलेल्या आजी डेकवरूनच हात जोडतात. कुंपणापलीकडचे गृहस्थ फावडं घेऊन येऊ का म्हणून विचारतात. साप एकच, वेळ एकच. एकीकडे नमस्कार, दुसरीकडे फावडं.

या दोहोंचा माग काढायचा तर डेकच्या पायऱ्या उतरा आणि रॅरिटन नदीकडे चालू लागा.

रिव्हर रोडला पोचता पोचता मोटारींचा आवाज थांबतो. जॉन्सन पार्कची हिरवळ नाहीशी होते आणि तिच्या जागी धक्का, गोदामं, पिठाची पिंपं, घोड्यांच्या लिदीचा वास. हे रॅरिटन लँडिंग, वर्ष 1754, मे महिना. टेकाडावर कॉर्नेलियस लो या व्यापाऱ्याचं दगडी घर आहे. 1741 मध्ये बांधलेलं हे घर आजही तिथेच उभं आहे, त्यात काउंटीचं संग्रहालय आहे. समजा, धक्क्यावर कुणाच्या हातात 9 मेचा ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ आहे. त्याच्या खांद्यावरून डोकावा. बेंजामिन फ्रँकलिनच्या पत्रात एक ठसा छापलाय: आठ तुकडे झालेला साप आणि खाली ‘एक व्हा, नाहीतर मरा’ अशा अर्थाचे शब्द. शेपटीचा तुकडा साउथ कॅरोलायना, डोकं न्यू इंग्लंड, आणि मध्ये कुठेतरी एन. आणि जे. ही दोन अक्षरं. तुम्ही उभे आहात ती जमीन म्हणजे या सापाचा एक तुकडा. कापलेल्या सापाचे तुकडे सूर्यास्ताआधी जोडले तर तो जिवंत होतो, अशी तेव्हाची समजूत. फ्रँकलिनने ती राजकारणाला जुंपली.

एकवीस वर्षं पुढे या. 1775 चा डिसेंबर. फिलाडेल्फियातल्या मरीन सैनिकांच्या ढोलांवर वेटोळं घातलेला खुळखुळ्या साप रंगवलाय. वृत्तपत्रात निनावी पत्र आलंय. ते फ्रँकलिनचंच असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पत्रलेखक म्हणतो, या सापाला पापण्या नाहीत, म्हणजे तो सदा जागा. तो आधी हल्ला करत नाही, आणि एकदा भिडला की शरण जात नाही. चावण्याआधी शेपटी वाजवून इशारा देतो. आणि खुळखुळे किती? तेरा, वसाहतींइतकेच. (सापाचे खुळखुळे कातीगणिक वाढतात, त्यामुळे तेराचा हिशेब कवीचा.) एदेनच्या बागेत शापित होऊन पोटावर सरपटायला लागलेला प्राणी ख्रिस्ती लोकांनीच स्वातंत्र्याच्या झेंड्यावर चढवला. मला यात विसंगती दिसत नाही. दरारा असलेलं जनावर आपल्या बाजूचं असावं असं कुणाला वाटणार नाही? वर्षभराने, 1776–77च्या हिवाळ्यात, रॅरिटन लँडिंगच्या धक्क्यावर ब्रिटिश फौजेने तळ ठोकला.

आणखी मागे चला, 1666च्याही आधी. इंग्रज वसाहतवाले अजून आलेले नाहीत. धक्का नाही, रस्ता नाही. इथल्या मूळच्या लेनापे लोकांची मक्याची शेतं, नदीत मासे धरायचे बांध. लेनापेंमध्ये अनेक वर्षं राहिलेले मोरावियन मिशनरी जॉन हेकवेल्डर यांनी 1819 मध्ये छापलेल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितलाय. ते खुळखुळ्या सापाला मारायला निघाले, तर सोबतच्या लेनापे माणसाने त्यांना अडवलं. हा आमचा आजोबा आहे, आमच्या राखणीला ठेवलेला, धोका आला की वाजवून सांगतो, असं त्याचं म्हणणं.

आजोबा! तुमच्या पाटावरच्या नागाला श्रावणात मराठी सासुरवाशीण भाऊ मानते, त्याच्या नावाने उपास धरते. कहाणीतला शेतकरी नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्लं मारतो, ती त्याचं घर संपवते आणि उरलेल्या लेकीला डसायला निघते. लेक पाटावर नाग काढून पूजा करत बसलेली. नागीण दुधाने निवते आणि मेलेल्यांना उठवायला अमृत देते. रॅरिटनच्या काठावर काय नि कृष्णेच्या खोऱ्यात काय, शेतात अनवाणी वावरणाऱ्यांनी एकच युक्ती केली: ज्याच्या एका दंशात आयुष्य संपतं, त्याला घरातला करून टाकलं.

ज्याच्याकडे विष त्याच्याचकडे उतारा, हे ग्रीकांनीही ओळखलं होतं. इ.स.पू. 291 मध्ये रोमच्या टायबर नदीकाठी उभे राहा. साथीने शहर हैराण आहे. एपिडॉरसहून अ‍ॅस्क्लेपियस या ग्रीक आरोग्यदेवाचा साप घेऊन जहाज येतं, साप पाण्यात उतरतो आणि बेटावर जातो; तिथेच देऊळ बांधतात, अशी रोमन कथा. त्या देवाच्या काठीवरचा तोच साप आज पिस्कॅटवेच्या रस्त्यावरून भोंगा वाजवत जातो, रुग्णवाहिकेवरच्या सहा टोकांच्या निळ्या ताऱ्यात. बायबलमधल्या मोशेनेही वाळवंटात सर्पदंशावर पितळेचा साप खांबावर चढवला होता. पण लोक त्या सापापुढेच धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला.

हिज्कीयाचं हे काम आपल्याकडे कायद्याने केलं. शेवटचा थांबा: बत्तीस शिराळा, जिल्हा सांगली, 1990च्या दशकातली पंचमी. गर्दीत तुम्हाला श्वास घ्यायला जागा नाही. नागमंडळांचे तरुण आठवडेभर बांधाबांधावर फिरून नाग धरून आलेत. मडक्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली. एका दारात मडकं उघडतं, नाग फणा काढतो, आणि घरची बाई, डोक्यावर पदर, वीतभर अंतरावरून त्याला हळदकुंकू वाहते. तिच्या चेहऱ्यावर भीती नाही, हे बघून तुम्हीच घाबरता. इथले लोक सांगतात, गोरक्षनाथांनी महाजनांच्या घरचा मातीचा नाग जिवंत केला, तेव्हापासून ही रीत. मग अंबामातेपुढे मिरवणूक. ढोल, गुलाल, धूळ. आणि उन्हात मडक्यात कोंडलेला जीव. सापाला बाहेरचे कान नाहीत, तो पुंगीवर डोलत नाही, समोर हलणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवतो. दूध हे त्याचं अन्न नाही. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आधीपासून होताच, उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ही प्रथा बंद झाली. गावाला ते लागलं, अजून लागतं. 2025 साली केंद्राने शिक्षणाच्या हेतूने, अटी घालून, मर्यादित परवानगी दिली.

शिराळ्याच्या बायांचं धैर्य मी कमी लेखत नाही. पण भाऊ मानायचं आणि मडक्यात कोंडायचं, हे मला पटत नाही. पाटावरचा गंधाचा नाग पुरेसा आहे.

झेंड्यावरचा तो खुळखुळ्या न्यू जर्सीत आता किटाटिनीच्या डोंगररांगेत आणि दक्षिणेच्या पाइन बॅरन्समध्ये थोडाफार उरलाय. 1979 पासून तो राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. पदभ्रमणाला गेलात आणि पाचोळ्यातून शेपटीचा आवाज आला तर जागच्या जागी थांबा, तो कुठे आहे ते पाहा आणि मागे सरा. अंगणातल्या गार्टरला तर तेवढंही लागत नाही. शेजाऱ्यांना फावडं ठेवून द्यायला सांगा, म्हणजे झालं.