चिगर माइट : वर्गीकरणाचा इतिहास

चिगर माइट : ॲरॅक्निडा (अष्टपाद) वर्गातील ट्राँबिक्युलिडी व तिच्याशी निकट संबंध असलेल्या कुलांतील माइटांच्या परजीवी डिंभांना (अंड्यातून बाहेर पडलेल्या, स्वतंत्रपणे अन्न मिळविणाऱ्या व प्रौढाहून वेगळ्या दिसणाऱ्या पूर्व अवस्थांना) चिगर म्हणतात. कॅरिबियन प्रदेशात त्वचेत शिरणाऱ्या पिसवेला असलेल्या ‘चिगो’ या नावाशी या नावाचा पुष्कळदा घोटाळा होतो. तथापि पिसू हा कीटक असून चिगर हा कोळ्यांच्या नात्यातील प्राणी आहे. चिगर त्वचेत शिरत नाही व रक्तही पीत नाही. आपल्या लाळेने तो पोषकाच्या त्वचेतील ऊतक (पेशींचा समूह) विरघळवितो आणि तयार झालेल्या सूक्ष्म नळीवाटे तो द्रव शोषून घेतो. डिंभाची लांबी सु. ०·२ ते ०·३ मिमी. असून त्याला सहा पाय असतात. एकदा पोट भरल्यावर तो गळून मातीत जातो आणि आठ पायांचे पिल्लू व पुढे प्रौढ होतो. हे दोन्ही मोकळे राहून कीटकांच्या अंड्यांवर व सूक्ष्म संधिपाद प्राण्यांवर जगतात.

या जीवनक्रमामुळेच चिगरांच्या वर्गीकरणाचा इतिहास इतर माइटांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. डिंभ उंदराच्या कानात सापडतो, तर प्रौढ जमिनीत; दोघांत बाह्य साम्य जवळजवळ नसते. परिणामी एकाच प्राण्याला दोन वेगवेगळी नावे मिळण्याचा धोका प्रारंभापासूनच होता. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये ॲकॅरस बटाटस हे नाव दिलेली जाती ही या गटातील पहिली नोंद होय. जॉर्ज शॉ यांनी १७९० मध्ये यूरोपातील सुगीच्या दिवसांत माणसांना त्रास देणाऱ्या जातीचे वर्णन ॲकॅरस ऑटम्नॅलिस या नावाने केले. आंतोन्यो बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये ट्राँबिक्युला हा वंश स्थापिला, तो मात्र प्रौढ नमुन्यांवरून. ज्या वंशावरून पुढे सबंध कुलाला नाव मिळाले, त्याचा पाया अशा रीतीने परजीवी नसलेल्या अवस्थेवर घातला गेला.

या विषयाला निकडीचे स्वरूप दिले ते जपानमधील एका रोगाने. नीइगाता, यामागाता व आकिता या प्रांतांत नद्यांच्या पूरक्षेत्रांत उन्हाळ्यात काम करणाऱ्या शेतकऱ्यांना तीव्र ज्वर येई व त्यांपैकी पुष्कळजण दगावत. तेथील लोक या रोगाचा संबंध एका सूक्ष्म तांबड्या किड्याशी (आकामुशी) फार पूर्वीपासून जोडत असत व त्याच्या शांत्यर्थ नदीकाठी देवळेही बांधली गेली होती. टी. ए. पाम यांनी १८७८ मध्ये, तर ई. बेल्ट्स व कावाकामी यांनी १८७९ मध्ये या रोगाचे वर्णन पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले. बेल्ट्स यांना तो पुराशी निगडित ज्वर वाटला. लोकांची समजूत त्यांच्यापेक्षा अधिक अचूक होती, असे पुढे दिसून आले. एमील ब्रुम्प्त यांनी १९१० मध्ये या माइटाला आकामुशी हे जातिनाम दिले. मातारो नागायो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१६ मध्ये त्याच्यासाठी लेप्टोट्राँबिडियम हा वंश निर्माण केला. सुमात्रातील देली भागावरून ई. डब्ल्यू. वॉल्ख यांनी १९२२ मध्ये नाव दिलेली देलिएन्से ही जाती भारतासह दक्षिण व आग्नेय आशियातील प्रमुख रोगवाहक ठरली. रोगकारक सूक्ष्मजंतू सध्या ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या नावाने ओळखला जातो. ओरिएन्शिया हा स्वतंत्र वंश १९९५ मध्ये करण्यात आला. तत्पूर्वी तो रिकेट्सिया वंशात मोडत असे. चिगर आयुष्यात एकदाच पोषकाला चिकटत असल्याने तो एका प्राण्याकडून घेतलेला जंतू दुसऱ्याला सहसा देऊ शकत नाही. मादीकडून अंड्यांत व अंड्यांतून पुढील पिढीत जंतू उतरतो. म्हणजे माइट हाच जंतूचा आश्रयदाता आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश, न्यू गिनी व ईशान्य भारत या आघाड्यांवर स्क्रब टायफसने हजारो सैनिक आजारी पडले. परिणामकारक औषध तेव्हा नव्हते. क्लोरँफिनिकॉलाची यशस्वी चाचणी क्वालालुंपुर येथे १९४८ मध्ये झाली. त्यामुळे कोणता माइट कोठे आढळतो हे समजणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. इंफाळ येथील संशोधन प्रयोगशाळेत जे. आर. ऑडी यांनी क्षेत्रीय पाहणी केली. रोगट माइट रानात सर्वत्र पसरलेले नसून विखुरलेल्या लहान ‘बेटां’त एकवटलेले असतात, हा त्यांच्या कार्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. हर्बर्ट वॉमर्स्ली यांचा आशिया-पॅसिफिक विभागावरील ग्रंथ आणि जी. डब्ल्यू. व्हार्टन व एच. एस. फुलर यांची चिगरविषयक पुस्तिका ही दोन्ही १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली व वर्गीकरणास स्थैर्य आले.

हे स्थैर्य डिंभाच्या लक्षणांवर आधारलेले आहे. पाठीवरील ढालीसारख्या पट्टाचा आकार, त्यावरील रोमांची संख्या व अंतरे, संवेदी रोमांची ठेवण आणि स्पर्शपादाच्या टोकावरील नखीचे फाटे ही लक्षणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जातात. फरक इतके सूक्ष्म असतात, की मलायातील आकामुशी म्हणून नोंदलेला माइट वस्तुतः लेप्टोट्राँबिडियम फ्लेचेरी असल्याचे पुढे निष्पन्न झाले. जुने वैद्यकीय वाङ्मय वाचताना ही दुरुस्ती ध्यानात ठेवावी लागते. पी. एच. वेरकामेन-ग्राँझाँ यांनी उपवंशांची केलेली बारीक विभागणी सर्वांना मान्य झाली नाही.

ज्ञात जाती सु. ३,००० आहेत. बहुसंख्य जाती कुरतडणाऱ्या प्राण्यांवर आढळतात. पक्षी, सरडे व वटवाघळे हेही त्यांचे पोषक आहेत. हॅनेमॅनिया वंशातील डिंभ बेडकाच्या त्वचेत रुतून राहतात, तर व्हॅटॅकॅरस समुद्रसर्पांच्या श्वसनमार्गात वाढतो. माणसाला रोग देणाऱ्या जाती थोड्याच आहेत व त्यांतील बहुतेक लेप्टोट्राँबिडियम वंशातील आहेत. नमुना पारदर्शक करून काचपट्टीवर बसविताना त्यातील डीएनए खराब होतो. त्यामुळे रूपलक्षणे व रेणवीय पुरावा एकाच नमुन्यातून मिळविणे दीर्घकाळ अवघड होते.

महाराष्ट्रात २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसची साथ उद्‌भवली. हा रोग केवळ आशिया-पॅसिफिकपुरता मर्यादित आहे, हे मतही आता टिकलेले नाही. चिलीतील चिलोए बेटावर २००६ मध्ये एक रुग्ण आढळला आणि पुढील संशोधनात तेथील हर्पेटॅकॅरस वंशाच्या चिगरांमध्ये ओरिएन्शिया जंतू सापडले.