वाघ्याचा चौथरा आणि चवदार तळं

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यावरून दर काही वर्षांनी वाद पेटतो. मागे एकदा काही कार्यकर्त्यांनी तो पुतळा हटवला, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसवला गेला. मार्च 2025 मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी तो काढण्याची मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली, तेव्हा विरोधही तितकाच झाला. बघता बघता वादाला मराठा विरुद्ध धनगर असा रंग चढला. बहुजनांनीच बहुजनांशी भांडायचं, हे आपल्याला नवीन नाही. म्हणून या भांडणात ओढलं जाण्याआधी आपण वेगळा प्रश्न विचारूया. स्वामिनिष्ठेचं एवढं कौतुक कुणाला आणि कशासाठी लागतं?

आधी इतिहास पाहू. छत्रपती शिवाजी महाराजांचं निधन 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर झालं. त्यांच्या चितेत वाघ्याने उडी घेतली, अशी कथा आहे. महाराजांच्या पश्चात काही वर्षांतच लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत या कुत्र्याचा उल्लेख नाही. पुरावा नसतानाही कथा लोकांच्या मनात रुजली. पुढे होळकर संस्थानाच्या देणगीतून स्मारक उभं राहिलं, ते 1936 साली.

हे 1936 साल लक्षात ठेवा. आता गडावरून खाली उतरा. सुमारे 25 किलोमीटरवर महाड आहे. तिथे 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्याआधी त्या तळ्यावर कुत्री-मांजरी पाणी पीत होती, गुरं पीत होती. त्यांच्यामुळे तळं कधी बाटलं नाही. माणसांनी ओंजळ भरली आणि सनातन्यांनी 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं! वर बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावाही लावला. तो खटला जिंकायला 17 मार्च 1937 उजाडावा लागला. म्हणजे रायगडावर कुत्र्याच्या इमानाचा चौथरा बांधला जात होता, तेव्हा पायथ्याच्या तालुक्यात माणसांना पाणी पिण्याचा हक्क आहे की नाही, हे कोर्टात ठरायचं होतं.

यात कुत्र्याचा काय दोष? काहीच नाही. उलट तो मालकाची जात विचारत नाही. हजारो वर्षं माणसाच्या सोबतीने राहून त्याला माणसाचा लळा लागला आहे. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने कुत्र्याचं इमान माणसासाठी आदर्श ठरवलं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं आणि कुत्री-गाढवं हेच त्यांचं धन असावं, असा नियम आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडातच ती मनुस्मृती जाळली गेली, ती उगाच नाही.

आता निष्ठेचाच हिशेब मांडायचा तर आपल्या आज्या-पणज्यांचा मांडा. गावाची राखण महाराने केली. सरकारी टपाल त्याने पोचवलं, सारा वसुलीची रक्कम त्याने सुखरूप नेली, हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष मानली गेली. मेलेलं ढोर ओढायला आणि मयताचा सांगावा घेऊन रानोमाळ जायलाही तोच. दिवस-रात्र, ऊन-पाऊस, घरातला कर्ता नसेल तर दुसरा कुणी. मोबदला काय? तुटपुंजी इनाम जमीन, बलुत्याचं धान्य आणि दारोदार मागितलेली शिळी भाकर. आणि वर सतत ऐकवायचं, 'खाल्ल्या मिठाला जाग.'

मीठ कुणाचं होतं? ज्याने राबून गाव चालवलं, त्याच्याच घामाचं मीठ त्याला उपकार म्हणून वाढलं गेलं. उपकार मानणारा माणूस हक्क मागत नाही. स्वामिनिष्ठेच्या गोष्टींचं काम हेच असतं.

बाबासाहेबांनी नेमक्या या ठिकाणी घाव घातला. 1927 साली महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, वतनाच्या गुलामीतून बाहेर पडा, असं सांगितलं. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. तेव्हा ते मंजूर होऊ शकलं नाही. वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 साली. बाबासाहेब तो पाहायला नव्हते.

मित्रांनो, हा इतिहास फक्त गावच्या पाटलापुरता नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. नेता कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, हा त्यांचा इशारा होता. आज आपल्याच चळवळीत 'निष्ठावंत' ही पदवी कुणाला मिळते? प्रश्न विचारणाऱ्याला की सतरंज्या उचलणाऱ्याला? गट बदलला की 'गद्दार', नेत्याने युती बदलली की 'रणनीती'! हा निष्ठेचा जुनाच धडा आहे, फक्त धनी बदलला.

कुत्र्याचं इमान कुत्र्याला शोभतं. त्याच्यावर प्रेम करा, त्याला भाकरी घाला. माणसाची निष्ठा मात्र माणसाच्या चरणी नको. ती समतेवर असू द्या, संविधानावर असू द्या. आणि ज्या दिवशी आपला नेता त्या वाटेवरून ढळेल, त्या दिवशी त्याला अडवण्याची हिंमत असू द्या. महाडच्या ओंजळीने आपल्याला हेच शिकवलं.

जय भीम!