जुन्या यांत्रिक हत्यारांचा पुनर्वापर आणि घरगुती सुतारशाळा : सुरक्षिततेच्या इतिहासाची एक बाजू

प्रस्तावना

विजेवर चालणारी जुनी हत्यारे मोडीच्या भावात विकत घ्यावीत, दुरुस्त करावीत आणि घरच्या सुतारशाळेत वापरावीत, हा छंद अमेरिका व इंग्लंड या देशांत चांगलाच रुजलेला आहे. जुन्या यंत्रांचे बिडाचे ओतकाम जाड असते, ती कामाच्या वेळी थरथरत नाहीत आणि त्यांचे बहुतेक भाग खोलून बदलता येतात. ही कारणे रास्तच आहेत. आपल्याकडेही पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार येथे जुनी ड्रिल, मोटारी आणि ग्राइंडर यांना गिऱ्हाईक मिळते. मात्र या छंदात यंत्र ‘मूळ स्थितीत’ आणणे हे अंतिम ध्येय मानले जाते. प्रस्तुत लेखात या ध्येयाची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. ज्या काळात यंत्र घडले त्या काळाचे अज्ञान आणि बेफिकिरी हीदेखील त्याच्या मूळ स्थितीचाच भाग असतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

चौकोनी ठोकळ्याची गोष्ट

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रंधा यंत्र. एकोणिसाव्या शतकातील रंधा यंत्रांत पाती एका चौकोनी पोलादी ठोकळ्यावर बोल्टांनी आवळलेली असत. दोन टेबलांमधील फटीत हा ठोकळा वेगाने फिरे आणि कामगार फळी हाताने त्यावरून पुढे ढकलीत असे. फळीत गाठ आली की ती उसळून मागे फेकली जाई आणि तिच्यावर दाब देणारा हात थेट फटीत पडे. ठोकळा चौकोनी असल्यामुळे त्याच्या दोन कोपऱ्यांदरम्यान चांगलीच पोकळी असे. बोटे त्या पोकळीत शिरत आणि पुढच्याच क्षणी येणारा कोपरा त्यांना आत ओढून नेई. अशा अपघातात बोटच नव्हे, तर पंजाही जाऊ शकत असे.

यावरचा उपाय विलक्षण साधा होता. ठोकळा चौकोनी न ठेवता गोल करायचा, पाती त्याच्या खाचांत बसवायची आणि धार पृष्ठभागाबाहेर अगदी थोडी, एक-दोन मिलिमीटरच, ठेवायची. हात पडला तरी त्याला आत शिरायला जागाच उरत नाही. जखम होते, पण ती उथळ राहते. गोल ठोकळ्याने लाकूडही अधिक सफाईने रंधले जाते, तरीही जुने चौकोनी ठोकळे आपणहून बदलण्याची घाई फारशा कारखानदारांना नव्हती. ब्रिटनमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसंबंधी जे नियम लागू झाले, त्यांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधा यंत्रावर गोल ठोकळा सक्तीचा केला. त्याच नियमांनी गोल करवतीच्या मागे एक पोलादी पाते उभे करणेही बंधनकारक केले. चिरलेल्या लाकडाचे दोन भाग करवतीवर आवळले जाऊन फळी कामगाराच्या अंगावर फेकली जाऊ नये, हा त्याचा हेतू. या पात्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात.

म्हणजे धोका कोठे आहे आणि तो कसा टळतो, हे १९२२ साली पुरेसे माहीत होते. प्रश्न माहितीचा नव्हता, ती कोणाला लागू करायची याचा होता.

कारखान्यातून घरात

१८८९ साली मेलबर्न येथे आर्नॉट आणि ब्रेन यांनी विद्युत ड्रिलचे पेटंट घेतले. १८९५ साली श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी हातात धरण्याजोगे ड्रिल केले. ही हत्यारे कारखान्यासाठीच होती. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१६ साली पिस्तुलासारखी मूठ व चाप असलेले ड्रिल बनवले आणि एका माणसाने एका हाताने वापरावयाच्या हत्याराचा आकार निश्चित झाला. तरीही घराघरांत ही हत्यारे पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. याच कंपनीने १९४६ साली घरगुती ग्राहकांसाठी स्वस्त ड्रिल बाजारात आणले. १९४७ साली हान्स गोल्डश्मिट या जर्मनीतून आलेल्या गृहस्थांनी ‘शॉपस्मिथ’ हे यंत्र काढले. करवत, लेथ, ड्रिल आणि घासणी अशी कामे त्या एकाच यंत्रावर होत. मोटारीचे गॅरेज हीच सुतारशाळा झाली.

या स्थलांतरात यंत्र घरात आले, कायदा मात्र कारखान्याच्या फाटकाशीच थांबला. भारतातही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती केली (कलम २१), पण त्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार विजेचा वापर असल्यास किमान दहा कामगार असतील तरच ‘कारखाना’ ठरे. घरातील एकट्या माणसाचा विचार त्यात नव्हता, आणि असावा अशी अपेक्षाही रास्त नव्हती. परिणाम मात्र गंभीर झाला. ब्रिटिश कारखान्यात १९२२ साली सक्तीचे झालेले रायव्हिंग नाइफ अमेरिकेतील टेबल करवतींच्या प्रमाणकात यायला २००० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. तोवर तेथे विकल्या गेलेल्या, आणि आज जुन्या म्हणून हौसेने घेतल्या जाणाऱ्या, असंख्य करवतींवर ते नाही.

अमेरिकेतील रेडियल आर्म करवतीचे प्रकरण तर अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. रेमंड डीवॉल्ट यांनी १९२० च्या दशकात हे यंत्र काढले. त्यात मोटार व करवत आडव्या दांड्यावरून पुढे-मागे सरकते. पुढे त्याची घरगुती आवृत्ती ‘क्राफ्ट्समन’ या नावाने मोठ्या प्रमाणावर खपली. १९५८ ते १९९२ या काळात विकल्या गेलेल्या अशा सुमारे ३७ लाख करवतींना संपूर्ण पाते झाकणारे संरक्षक आवरण नव्हते, म्हणून त्या २००० साली निर्मात्या एमर्सन कंपनीने परत बोलावल्या. अनेक नमुन्यांसाठी नवे आवरण विनामूल्य देण्यात आले. ज्या करवतींवर ते बसूच शकत नव्हते, त्यांच्या मालकांना मोटारीचा भाग परत केल्यास शंभर डॉलर मिळणार होते. जुन्या यंत्राला सुरक्षित करता येते आणि काही यंत्रांना ते करता येत नाही, हे दोन्ही या एकाच निर्णयात मान्य केलेले दिसते. ‘मूळ स्थिती’च्या उपासकांनी यातील दुसरा भाग विशेष लक्षात घ्यावा.

पुनर्वापरातील नवे धोके

आतापर्यंतचा विचार मुळातच असलेल्या उणिवांचा झाला. पुनर्वापरामुळे नव्याने निर्माण होणारे धोके वेगळे, आणि त्यांची मुळेही इतिहासातच आहेत.

पहिला विजेचा. दुहेरी इन्सुलेशन रूढ होण्यापूर्वीच्या ड्रिलचे अंग धातूचे असे आणि पुष्कळदा वायर दोन तारांची. कापडी किंवा रबरी वेष्टण कालांतराने तडकते आणि विद्युतप्रवाह त्या अंगात उतरतो. अशा हत्याराला तिसरी, अर्थिंगची, तार जोडणे आणि घरच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवणे ही किमान अट मानावी. ५०० व्होल्टच्या मेगरने तपासल्यावर इन्सुलेशनचा रोध एक मेगओहमपेक्षा कमी भरला, तर ते हत्यार शोभेसाठी ठेवावे. जुन्या यंत्रावर साधे खटक्याचे बटण असेल तर वीज जाऊन परत येताच ते आपोआप चालू होते. भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. वीज गेल्यावर बंद पडून बंदच राहणारा स्टार्टर फार महाग नसतो.

दुसरा धोका वेगाचा, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कपडे धुण्याच्या जुन्या यंत्राची मोटार काढून तिच्यावर ग्राइंडिंगचे चाक बसवणे हा जगभरचा लोकप्रिय उद्योग आहे. मिनिटाला २८८० फेरे घेणाऱ्या मोटारीवर १५० मिलिमीटर व्यासाचे चाक बसवल्यास त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२.६ मीटर होतो. साध्या चाकांची मर्यादा बहुधा ३५ मीटरच्या आसपास असते, तेव्हा येथवर ठीक. पण एखाद्या जुन्या, संथ यंत्राचे २५० मिलिमीटरचे चाक त्याच मोटारीवर चढवले की हा वेग ३७.७ मीटरवर जातो आणि चाक फुटण्याची शक्यता निर्माण होते. कप्पीची जोडी बदलून वेग दुप्पट केला तर लहान चाकही त्याच पंक्तीत बसते. यंत्र, मोटार आणि चाक हे तीनही भाग स्वतंत्रपणे उत्तम असू शकतात. अनर्थ त्यांच्या जुळणीत होतो.

उलट बाजूची चूकही घडते. अमेरिकेतून आणलेली ६० हर्ट्झची मोटार आपल्या ५० हर्ट्झवर एकषष्ठांश संथ चालते आणि जास्त तापते. केवळ व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून हा प्रश्न सुटत नाही. जुन्या मोटारींच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकते (अमेरिकेत त्याचे उत्पादन १९७९ साली बंद झाले) आणि जुना रंग खरवडताना शिशाची धूळ उडते, याचाही येथे उल्लेख करावयास हवा.

आपल्याकडील सुतारांनी रूढ केलेला एक पुनर्वापर मात्र जुन्या हत्याराचा नसून परक्या हत्याराचा आहे. फरशी कापण्याच्या मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून प्लायवुड कापले जाते, आणि घरी सुतारकाम करणारा हौशी माणूसही हेच शिकतो. स्वस्त आणि हाताला हलके असल्याने हे हत्यार पसरले, हे समजण्याजोगे आहे. परंतु लाकडासाठी बनवलेल्या हातकरवतीला खालून पाते झाकणारे, लाकूड लागताच मागे सरणारे आणि काप संपताच आपोआप मिटणारे आवरण असते. मार्बल कटरला ते नसते, कारण गुळगुळीत हिऱ्याच्या चकतीला त्याची तितकी निकड नव्हती. शिवाय त्याचा वेग मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास असतो, आणि लाकडाच्या पात्यावर छापलेली कमाल मर्यादा तेवढी आहे की नाही हे पाते बसवणारा क्वचितच वाचतो. काप पूर्ण झाल्यावर कटर खाली ठेवला जातो तेव्हा पाते अद्याप फिरत असते, आणि ते उघडेच असते.