इंग्रजी शब्दसंपत्ती : सातारा व सांगली जिल्हे

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील प्रगत शब्द अर्थ आणि वापर यांसह आत्मसात करण्याच्या या भागात रूढ झालेल्या रीती. दोन्ही जिल्ह्यांचा यासंबंधीचा जुना इतिहास एकच आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पहिले सुमारे दोन हजार शब्द म्हणजे पायाभूत संग्रह आणि त्यापलीकडचे ते प्रगत, ही विभागणी येथे गृहीत धरली आहे. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली नित्योपयोगी शब्दांची यादी साधारण एवढ्याच आकाराची होती.

कोश व पाठमाला : मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला व त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. त्यांनीच हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. पुढे बाबा पदमनजी आणि नीळकंठ बाबाजी रानडे यांचे कोश आले. रानड्यांच्या कोशाचे काम १९१६ पर्यंत चालले होते. मात्र शाळकरी मुलाच्या हाती कोशापेक्षा आधी पडली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला. तिचे तीन भाग होते. प्रत्येक धड्यात थोडे नियम, मग शब्दार्थ आणि लगेच त्याच शब्दांची वाक्ये, आधी इंग्रजीतून मराठीत आणि नंतर मराठीतून इंग्रजीत. या क्रमातच पद्धतीचे बळ होते. अर्थ पाठ केलेला शब्द त्याच बैठकीत वाक्यात बसवावा लागे. चुकीच्या जागी बसला तर मास्तरांची लाल रेघ ठरलेली. पुढे या पद्धतीवर बोजड इंग्रजी शिकवल्याचा आक्षेप घेतला गेला. वाक्ये कृत्रिम असत, हे खरे. पण अर्थ आणि वापर यांची फारकत तिने कधी होऊ दिली नाही, हे तिचे मोठे श्रेय आहे.

शाळा : भीमराव रामजी आंबेडकर यांचा सातारच्या सरकारी इंग्रजी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) प्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी झाला, तो ‘इंग्रजी पहिली’च्या वर्गात. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली अशी तेव्हाची रचना होती. वडील रामजी सुभेदार यांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या पाठमालेचे भाग पाठ करून घेतले. शब्दाला नेमका प्रतिशब्द शोधण्यावर त्यांचा कटाक्ष असे. पुढे जगभर वाचल्या गेलेल्या आंबेडकरांच्या काटेकोर इंग्रजी गद्यामागे ही घरची शिकवणी आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्याने इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला. नंतर तो पाचवीवर आणि २००० पासून पहिलीवर आणला गेला. या फेरबदलांचे परिणाम काय झाले यावर मतभेद आहेत.

मुलींच्या शाळांतील इंग्रजी अध्यापनाचा इतिहास स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

रंगभूमी व अनुवाद : कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे ‘हॅम्लेट’चे रूपांतर. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’चे. दोघांनाही इंग्रजी शब्दाचे वजन मराठी नटाच्या तोंडी पेलेल असे करावे लागले.

महाविद्यालये : सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान विश्रामबाग येथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक ऑक्सफर्डहून परतल्यावर येथे प्राचार्य होते. पुढे त्यांनी हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालकपद सांभाळले. त्याच १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिचे साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे. ‘कमवा व शिका’ योजनेतून घडलेल्या पिढीतले बॅरिस्टर पी. जी. पाटील यांनी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चा इंग्रजी अनुवाद केला (१९९१). ग्रामीण मराठीतला रोखठोक आवेश इंग्रजीत नेण्यासाठी लागणारा शब्दसाठा वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाने कमावला होता, याची दखल इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासात घेतली गेली पाहिजे.

वाईचे परिभाषाकार्य : या विषयातील सर्वांत भरीव काम वाईत झाले. प्राज्ञपाठशाळेत शिकताना तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इंग्रजीचे धडे विनोबा भाव्यांकडून घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून येते. विनोबा १९१७ मध्ये संस्कृत अध्ययनासाठी वाईत आले होते. पुढे तर्कतीर्थ मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याआधी १९७३ मध्येच परिभाषासंग्रहाचा खंड प्रसिद्ध झाला होता. नोंदी लिहिण्यापूर्वी इंग्रजी संज्ञांचे अर्थ निश्चित करावे लागतात, हे या क्रमावरून दिसते. एका संज्ञेसाठी एक पर्याय ठरवायचा तर तिच्या सख्ख्या-चुलत संज्ञाही समोर ठेवाव्या लागत. ‘स्पीड’, ‘व्हेलॉसिटी’, ‘ॲक्सेलरेशन’ आणि ‘मोमेंटम’ बोलण्यात सरमिसळ चालतात. कोशात चौघांना चार घरे द्यावी लागतात. विश्वकोशाने ‘ॲक्सेलरेशन’ला ‘प्रवेग’ आणि ‘मोमेंटम’ला ‘संवेग’ म्हटले. शालेय पुस्तकांत मात्र ‘ॲक्सेलरेशन’साठी ‘त्वरण’ रुळले. ‘इव्होल्यूशन’च्या बाबतीतही विश्वकोशाचा ‘क्रमविकास’ आणि पाठ्यपुस्तकातली ‘उत्क्रांती’ असे दोन प्रवाह आहेत. यांतील अधिक योग्य कोणता, याचा निर्णय येथे दिलेला नाही. मराठीतून विज्ञान शिकून अकरावीला इंग्रजीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला अशा जोड्या एकत्र दाखवल्या, तर इंग्रजी संज्ञा एकटीच पाठ करण्यापेक्षा लवकर पक्की होते.

धातू आणि वापर : संस्कृताची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक वाट सोपी जाते. एकाच ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. तसेच लॅटिनमधील ‘फेकणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘रिजेक्ट’, ‘इजेक्ट’, ‘इंजेक्ट’, ‘प्रोजेक्ट’ झाले. नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ (१९४९) याच मार्गाने जाते व स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत आजही दिसते. परंतु धातू कळला म्हणजे शब्द आला असे होत नाही. ‘आहार’चा अर्थ केवळ ‘हृ’वरून काढता येत नाही, आणि ‘सब्जेक्ट’चा फेकण्यावरून.

येथे कसोटी लागते ती वापराची. ‘तिच्याशी लग्न केले’ याच्या वळणावर ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते, ‘त्याविषयी चर्चा केली’ यावरून ‘डिस्कस्ड अबाउट’. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ते शब्दयोगी अव्यय नको असते. ‘उसने देणे’ आणि ‘उसने घेणे’ यांत मराठीत ‘उसने’ एकच राहते, इंग्रजीत ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ वेगळे होतात. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधी आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. अर्थाच्या वहीत दोन्हींपुढे ‘आर्थिक’ एवढेच लिहिलेले असते. हॉर्नबी यांचा विद्यार्थिकोश १९४२ मध्ये प्रथम जपानमध्ये निघाला, तो याच अडचणीवरचा उपाय म्हणून. शब्दापुढे कोणती रचना येते, हे त्यात परभाषक विद्यार्थ्यासाठी नोंदवले होते. त्या जातीचा, मराठी भाषकाच्या चुका ध्यानात घेऊन केलेला मोठा वापरकोश होणे अत्यंत निकडीचे आहे.

सद्यःस्थिती : कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, तासगाव या गावांतील अभ्यासिकांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर भर असतो. विद्यापीठीय लेखनासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये केलेली ५७० शब्दकुलांची यादी शब्दांची निवड करण्यास उपयोगी आहे, पण निवडलेले शब्द वाक्यांत वापरून घेण्याचे काम शिक्षकाकडेच राहते.

जत तालुक्याच्या कन्नडभाषक गावांत इंग्रजी शब्दाचा अर्थ अनेकदा दोन भाषांतून सांगितला जातो.