क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट कसं वाचायचं? 'मिनिमम ड्यू'चा हिशोब समजून घ्या

पहिल्या नोकरीत मला क्रेडिट कार्ड मिळालं. विरार लोकलमध्ये उभ्या-उभ्या ॲप उघडलं, 'मिनिमम ड्यू' भरला आणि बिल मिटलं असं समजून नालासोपाऱ्याला उतरलो. पुढच्या महिन्यात बाकी कमी होण्याऐवजी वाढलेली! इंजिनिअरिंगची डिग्री होती, पण स्टेटमेंट वाचता येत नव्हतं.

आधी या चार गोष्टी शोधा

- स्टेटमेंट डेट: या तारखेला महिन्याचा हिशोब बंद होतो. नंतरची खरेदी पुढच्या बिलात जाते.
- पेमेंट ड्यू डेट: पैसे भरायची शेवटची तारीख.
- टोटल अमाउंट ड्यू: पूर्ण बाकी. दर महिन्याला ही वेळेत भरली तर खरेदीवर व्याज लागत नाही.
- मिनिमम अमाउंट ड्यू: एवढी रक्कम भरली तर लेट फी वाचते. व्याज मात्र लागतंच.

व्याज कसं लागतं?

समजा, ५ जूनला २०,००० रुपयांचा फोन घेतला. स्टेटमेंट २० जूनला आलं, ड्यू डेट १० जुलै. त्या दिवशी फक्त १,००० रुपये भरले. व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के.

आता व्याज ड्यू डेटपासून नाही, तर खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं:

- २०,००० वर ३५ दिवस: सुमारे ८०५ रुपये
- १९,००० वर १० दिवस: सुमारे २१९ रुपये
- व्याजावर १८ टक्के जीएसटी: सुमारे १८४ रुपये

एकूण १,२०८ रुपये. म्हणजे भरले १,००० आणि वाढले १,२०८! शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर पहिल्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं.

हे नियम माहीत असू द्या

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार ड्यू डेट उलटून ३ दिवसांहून जास्त झाले, तरच लेट फी लावता येते. तीही फक्त थकलेल्या रकमेवर. अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेला कळवा. तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

मी आता ऑटो-पे 'टोटल ड्यू'वर ठेवलाय. तुमचा कशावर आहे? आजच ॲप उघडून बघा.