यंत्ररूप साधने आणि स्वयंसेवक : बार्शी लाईट रेल्वेच्या निमित्ताने

दिनांक 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगर ते बीड हा लोहमार्ग प्रवासी वाहतुकीस खुला झाला आणि बीड शहर प्रथमच आगगाडीने जोडले गेले. अहिल्यानगर-बीड-परळी या सुमारे 261 किलोमीटरच्या मार्गास मंजुरी मिळून तोवर तीन दशके लोटली होती. तत्पूर्वी जिल्ह्याचा रेल्वेशी असलेला संबंध दोन टोकांनी होता. पूर्वेस परळी वैजनाथपर्यंत निजामाच्या राज्य रेल्वेचा मार्ग आलेला होता. आणि दक्षिणेस, जिल्ह्याच्या सीमेबाहेरून पण बालाघाटच्या बाजारपेठांना धरून, बार्शी लाईट रेल्वेची अरुंदमापी गाडी लातूरपर्यंत धावत होती. यांपैकी दुसरा मार्ग त्याच्या मूळ रूपात आज अस्तित्वात नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे टप्प्याटप्प्याने रुंदमापीत रूपांतर होऊन जुने रूळ उखडले गेले. मराठवाड्याच्या या भागात नवा मार्ग येत असता जुना मार्ग पुसला गेला, आणि त्या पुसल्या जाण्याची दखल इतिहासाच्या अभ्यासकांनी जवळजवळ घेतली नाही. जुनी इंजिने व डबे दुरुस्त करून चालती ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचे कार्य हे संशोधनाचे कार्य ठरते काय, आणि ठरत असल्यास आपल्याकडे ते का उभे राहिले नाही, हा प्रश्न बार्शी लाईटच्या निमित्ताने विचारणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्रथम त्या रेल्वेविषयी. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (1857-1927) हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत येथे आला. बार्शी ही बालाघाटातून उतरणाऱ्या कापसाची व धान्याची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्ग तिला टाळून गेलेला. शिवाय पंढरपूरच्या यात्रेची गर्दी होतीच. कॅलथ्रॉपने 1895 मध्ये लंडन येथे कंपनी उभी केली आणि मार्च 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा 21 मैलांचा मार्ग सुरू झाला. पुढे तो एकीकडे पंढरपूरपर्यंत, तर दुसरीकडे येडशीवरून 1911 मध्ये लातूरपर्यंत गेला. 1927 मध्ये मिरज गाठल्यावर त्याची एकूण लांबी 202 मैल झाली. दिनांक 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली व ती मध्य रेल्वेत विलीन झाली.

लोकांच्या तोंडी ‘बार्शी लाईट’ हा शब्द मंदगतीच्या थट्टेसाठी राहिला. ही थट्टा प्रेमाची असली तरी तिने एक गोष्ट झाकली. अडीच फुटी मापाच्या या मार्गावर कॅलथ्रॉपने जो प्रयोग केला तो त्या काळी जगातील हलक्या रेल्वेच्या विचारास वळण देणारा होता. इंजिन असो वा वाघिणी, प्रत्येक आसावर पडणारा भार पाच टनांहून अधिक असू नये आणि तो सर्वत्र शक्य तितका सारखा असावा, हे त्याचे सूत्र. भार सारखा वाटला की हलका रूळ पुरतो. हलका रूळ पुरला की मार्गाचा खर्च उतरतो. आणि खर्च उतरला की ज्या मुलखाला मोठी रेल्वे परवडत नाही तेथेही गाडी नेता येते. याच सूत्रानुसार लीड्स येथील किटसन कंपनीने आठ जोडचाकांची इंजिने बांधली, आणि दाबून घडविलेल्या पोलादी सांगाड्याच्या लांब वाघिणी तयार झाल्या. अशा वाघिणीचे स्वतःचे वजन कमी, म्हणून तिला माल अधिक पेलता येई. बार्शीच्या या अनुभवावर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ ही अरुंदमापी रेल्वे 1904 मध्ये उभारली गेली. दुष्काळी टापूतील एका पेठेसाठी काढलेला तोडगा विलायतेत आदर्श म्हणून स्वीकारला जावा, ही गोष्ट आपल्या वासाहतिक इतिहासाच्या ठरावीक मांडणीत सहसा बसत नाही. ज्ञानाचा प्रवाह तिकडून इकडे आला असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे.

लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे 1934 मध्ये बंद पडली, आणि तिची इंजिने भंगारात गेली. त्या वेळी ती वाचविण्याचा विचार कोणी केला नाही, कारण सामान्य माणसांनी मिळून आगगाडी वाचवावी ही कल्पनाच तोवर रूढ झालेली नव्हती. ती रूढ झाली पुढे सोळा वर्षांनी. वेल्समधील टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली अरुंदमापी रेल्वे मालकाच्या मृत्यूनंतर बंद होण्याच्या बेतात असता, एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने ऑक्टोबर 1950 मध्ये बर्मिंगहॅम येथे सभा भरली, संस्था स्थापन झाली, आणि मे 1951 मध्ये स्वयंसेवकांच्या व्यवस्थापनाखाली गाडी निघाली. त्या हंगामात चालविण्याजोगे इंजिन जवळजवळ एकच, ‘डोलगोच’, आणि तेही जर्जर. जगातील स्वयंसेवी रेल्वे-जतनाचा आरंभ येथून मानला जातो. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा संस्था ठिकठिकाणी निघाल्या.

या संस्थांचे काम दुरून छंदासारखे दिसते. जवळून पाहिल्यास त्यातील पद्धत संशोधकाच्या ओळखीची वाटेल. जुने इंजिन दुरुस्तीस घेतले की प्रथम त्याचे अंग उकलावे लागते. बॉयलरच्या नळ्या काढणे, अग्निपेटीचे पत्रे व त्यांना जोडणारे खिळे तपासणे, पाण्याच्या दाबाने परीक्षा घेणे, चाकांची झीज मोजणे, ही कामे क्रमाने व नोंद ठेवून करावी लागतात. या उकलण्यातच यंत्राचा पूर्वेतिहास हाती येतो. इंजिनाच्या दांड्यांवर व सुट्या भागांवर त्याचा क्रमांक ठोकलेला असतो. एकाच जातीची अनेक इंजिने एका कारखान्यात दुरुस्त होत असली की भागांची अदलाबदल होते, आणि एका इंजिनावर दुसऱ्याचा क्रमांक मिरविणारा भाग सापडतो. पत्र्यावरील ठिगळे, बुजविलेली छिद्रे, स्थानिक लोहाराने घडविलेला एखादा बदली तुकडा, हे सारे त्या इंजिनाच्या आयुष्यातील प्रसंग होत. पोथीतील पाठभेद व समासातील टिपा वाचणाऱ्यास ही भाषा परकी वाटू नये. कागदावरील नोंद काय करावयाचे होते ते सांगते. यंत्र प्रत्यक्षात काय केले गेले ते सांगते. या दोहोंत अंतर पडते तेव्हा यंत्रावर विश्वास ठेवणे अधिक सुरक्षित असते.

कॅलथ्रॉपच्या कामाचेच एक उदाहरण घ्यावे. नेरळ-माथेरान ही दोन फुटी मापाची रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. तिच्या चढासाठी व तीव्र वळणांसाठी कॅलथ्रॉपच्या आराखड्यानुसार जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीने चार इंजिने पुरविली. सहाही चाके जोडलेली असून वळणावर टोकाचे आस किंचित फिरावेत यासाठी त्यांत क्लीन-लिंडनर पद्धतीचा पोकळ आस वापरला होता. भरीव गाभ्यावर पोकळ नळीसारखा दुसरा आस बसवून चाकांना हालण्याची मुभा द्यावयाची, अशी ही युक्ती. यांपैकी 740 क्रमांकाचे इंजिन भारताबाहेर गेले, आणि इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड येथील स्वयंसेवकांच्या रेल्वेवर ते पुन्हा वाफेवर चालू लागले. हा पोकळ आस कसा झिजतो, कसा जुळवावा लागतो, याचे हातातील ज्ञान या दुरुस्तीमुळे पुन्हा कोणाला तरी मिळाले. नेरळ स्थानकाजवळ उभे असलेले त्याचे भावंड लोक पाहतात, त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. पण ते बंद पुस्तक आहे. चालत्या यंत्राचे व उभ्या यंत्राचे मोल सारखे नाही.

मात्र या बाबतीत स्वयंसेवकांची भलावण बिनशर्त करता येणार नाही. गाडी चालवावयाची म्हणजे जुना बॉयलर काढून नवा बसवावा लागतो, झिजलेले भाग टाकून द्यावे लागतात, आणि लोकांना आवडतो म्हणून भलत्याच काळचा रंगही चढविला जातो. दुरुस्तीच्या उत्साहात पुरावा नष्ट होतो. पोथीची भाषा ‘शुद्ध’ करून छापणाऱ्या संपादकाने जे केले, तेच येथे घडू शकते. म्हणून चांगल्या संस्थांनी दुरुस्तीपूर्वी मोजमापे व छायाचित्रे घेण्याचा, आणि काढलेले भाग जपून ठेवण्याचा नियम घालून घेतला आहे. तो नियम पाळणारा स्वयंसेवक संशोधक होतो; न पाळणारा हौशी राहतो. भेद वेतनाचा नाही, नोंदीचा आहे.

आता आपल्याकडे. स्वयंसेवी साधनसंग्रहाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही; किंबहुना आपले इतिहाससंशोधन तिच्यावरच उभे राहिले. बार्शीची गाडी 1897 मध्ये धावू लागली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. खेड्यापाड्यांतून दप्तरे गोळा करीत पायपीट करणाऱ्या राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली व ती त्यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केली. पुढील वर्षी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या साऱ्यात शासनाचा वाटा नगण्य होता. मग कागद, ताम्रपट, नाणी यांसाठी पदरमोड करणाऱ्या समाजाने यंत्राकडे पाठ का फिरविली? यंत्राचे प्रेम आपल्यात नाही असे म्हणता येत नाही. पुण्यात 1998 मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय हे एका कुटुंबाच्या ध्यासाचेच फळ आहे. उत्तर अन्यत्र शोधावे लागते.

एक कारण मालकीचे. ब्रिटनमधील संस्थांना बंद पडलेला मार्ग व इंजिन विकत किंवा भाड्याने घेता आले. येथे 1954 नंतर बार्शी लाईटचा प्रत्येक खिळा सरकारी मालमत्ता होता, आणि भंगार हे लिलावाचे प्रकरण होते. दुसरे कारण कायद्याचे. 1923 च्या बॉयलर कायद्यातून रेल्वे प्रशासनाच्या ताब्यातील इंजिने वगळलेली होती. तेच इंजिन खाजगी संस्थेकडे आले की ती सूट संपे. परिणामी भारतात हौशी माणूस शोध घेतो व दुरुस्ती खाते करते, असा प्रघात पडला. माइक सॅटो या इंग्रज रेल्वे-अभ्यासकाला 1962 मध्ये पतियाळा येथील एका आवारात तेथील जुन्या एकरुळी रेल्वेचे इंजिन आढळले. त्याची दुरुस्ती उत्तर रेल्वेच्या अमृतसर कारखान्यात झाली, आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले. हे संग्रहालय 1977 मध्ये खुले झाले. नागपूरला मोतीबाग येथे डिसेंबर 2002 मध्ये अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय उघडले गेले, तेही खात्याकडूनच. या संग्रहालयांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु खाते वस्तू जपते. ती चालविणाऱ्या हाताची विद्या जपणे हे त्याच्या कामाच्या व्याख्येत येत नाही. अधिकारी बदलतात, कारागीर निवृत्त होतात, आणि शिकाऊ उमेदवार नव्या यंत्राकडे वळतो, हे क्रमप्राप्तच आहे.

तिसरे कारण मात्र आपले स्वतःचे आहे. राजवाड्यांच्या परंपरेत साधन म्हणजे लिखित साधन. तेही शक्यतो 1818 पूर्वीचे. कापूस-पेठेची गाडी, तिचा फायरमन, तिचा सांधेवाला, तिचा गँगमन यांना त्या कल्पनेत जागा नव्हती. विद्यापीठांनीही ती मर्यादा फारशी ओलांडली नाही. बार्शी लाईटचा विचार झाला तो भागधारकांचा नफा व वाहतुकीचे आकडे एवढ्यापुरता. कुर्डुवाडीच्या कारखान्यात अरुंदमापी इंजिनांची जी दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली, आठ जोडचाके एका रेषेत आणण्याची जी रीत तेथे वापरली गेली, सुटा भाग विलायतेहून न आल्यास तो येथे कसा ओतला व घडविला गेला, हा विषय तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा आहे तसाच मराठवाडा-सोलापूर सीमेवरील कामगारवर्गाच्या घडणीचाही आहे. लातूरपर्यंतचा मार्ग निजामाच्या मुलखात, कुर्डुवाडी इंग्रजांच्या. तेव्हा एकाच रेल्वेचा कामगार दोन राजवटींखाली राबत होता, हा धागा तर कोणी हातीच धरलेला नाही.

बीडकडे येणाऱ्या नव्या मार्गावर वाफेचे इंजिन कधी येणार नाही, आणि येडशीच्या घाटातील अडीच फुटी रूळ परत अंथरले जाणार नाहीत. तरी तीन गोष्टी अजून हाती लागण्याजोग्या आहेत. कारखान्यांतील दुरुस्तीच्या वह्या व आराखडे; जुन्या मार्गाचे पूल, मोऱ्या व स्थानकांच्या इमारती; आणि माणसे. यांत माणसांचे काम सर्वांत तातडीचे. 1970 च्या सुमारास विशीत बार्शी लाईटच्या फूटप्लेटवर कोळसा टाकणारा खलाशी आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याच्याकडून बॉयलरमध्ये पाणी किती राखावे, चढ लागण्यापूर्वी आग कशी बांधावी, चाके घसरू लागली की वाळू केव्हा सोडावी, या गोष्टी त्याच्या स्वतःच्या शब्दांत उतरवून घ्याव्या लागतील; आणि ते शब्द प्रमाण मराठीत न बदलता उतरवावे लागतील, कारण इंग्रजी, दखनी व मराठी यांच्या मिश्रणातून कारखान्यात तयार झालेली ती परिभाषा कोणत्याही कोशात नोंदलेली नाही.